तेल जमिनीखाली चालते कसे आणि अडते कुठे

मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या 'सागर सम्राट' या रिगने तेथे तेल गाठले आणि मे १९७६ पासून ते बाहेर काढण्यास सुरुवात झाली. या घटनेविषयी आपण नेहमी 'तेलाची विहीर' आणि 'तेलाचा साठा' या शब्दांत बोलतो. शब्द रूढ आहेत आणि बदलण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्यामुळे डोळ्यांसमोर भुयारातले एखादे काळेभोर तळे उभे राहते, आणि तेथूनच गैरसमजाला सुरुवात होते. मुंबई हायच्या खाली तळे नाही, पोकळ गुहा नाही, तेलाने भरलेली टाकी तर नाहीच. तेथे चुनखडक आहे. त्याचा तुकडा हातात घेतला तर तो कोणत्याही दगडासारखा कठीण आणि जड लागतो. तेल आहे ते त्याच्या छिद्रांत, आणि ती छिद्रे बहुतांशी नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ते तेल त्या चुनखडकात जन्मलेले नाही. ते दुसऱ्याच खडकात, अधिक खोलवर आणि बरेच दूर तयार झाले, तेथून बाहेर पडले, वाट मिळेल तसे वर सरकत राहिले आणि वाटेत अडले म्हणून या ठिकाणी सापडले. जगातील जवळजवळ प्रत्येक तेलक्षेत्राची कथा हीच आहे. तेलाची स्वाभाविक प्रवृत्ती एका जागी साठण्याची नसून निघून जाण्याची असते. त्यामुळे भूवैज्ञानिकाला 'तेल कोठे तयार झाले' या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, 'ते कोठे थांबले आणि का थांबले' हा प्रश्न छळतो.

जन्मकथा थोडक्यात सांगतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातील 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला असून, या लेखात पुढे येणाऱ्या तेलाच्या सापळ्याशी त्याचा काहीही संबंध नाही. हाच काळा पाषाण किनाऱ्यावर संपत नाही. तो समुद्राखालीही पसरलेला आहे. लाव्हा थंडावल्यानंतर आणि भारताचा पश्चिम किनारा सेशेल्सच्या भूभागापासून तुटून अलग होत असताना हा पट्टा ठिकठिकाणी खचला व तेथे खोलगट द्रोणी तयार झाल्या. त्यांत दलदली होत्या, उथळ समुद्र होता, आणि प्राणवायूची वानवा असलेल्या पाण्याखाली चिखलाबरोबर वनस्पतींचे व सूक्ष्मजीवांचे अवशेष गाडले जात होते. साधारण सहा ते पाच कोटी वर्षांपूर्वीच्या या थरांना 'पन्ना' थर म्हणतात. त्यांत शेल, म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेला पातळ पापुद्र्यांचा खडक आहे, आणि कोळसाही आहे. मुंबई हायच्या तेलाचे माहेर म्हणून भूवैज्ञानिक याच थरांकडे बोट दाखवतात.

गाळावर गाळ साचत गेला तसे हे थर खोल गेले. जमिनीत खाली जाताना दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापमान वाढते. काही भागांत त्याहूनही अधिक. जैविक अवशेषांचे प्रथम 'केरोजेन' नावाच्या घट्ट, मेणचट पदार्थात रूपांतर होते, आणि तापमान सुमारे ६० अंशांच्या पुढे गेले की, लाखो वर्षांच्या मंद आचेवर, केरोजेन फुटून तेल सुटू लागते. सुमारे १२० ते १५० अंशांच्या वर वायूचे प्रमाण वाढत जाते. तेलाचे मूळ सजीवांत आहे याचा एक सुंदर पुरावा १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी दिला. पानांना हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या रेणूचाच सांगाडा त्यांना खनिज तेलात सापडला.

आता खरा प्रश्न येतो. शेल हा अत्यंत घट्ट खडक. त्यातून पाणीसुद्धा नीट पाझरत नाही. मग तेल बाहेर पडते कसे? याचे उत्तर तेलाच्या निर्मितीतच आहे. घन केरोजेनचे द्रव आणि वायूत रूपांतर होताना त्याला पूर्वीपेक्षा जास्त जागा लागते, पण बंदिस्त खडकात ती मिळत नाही. दाब चढत जातो आणि शेवटी खडकालाच केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांतून तेल निसटते, दाब उतरतो, भेगा मिटतात, आणि काही काळाने तोच प्रकार पुन्हा घडतो. प्रवासाचा हा पहिला टप्पा काही मीटरांचाच असतो, पण तो सर्वांत बिकट. तयार झालेल्या तेलाचा बराच भाग या टप्प्यावर बाहेर पडू शकत नाही व जन्मस्थानीच राहतो. अलीकडच्या काळात अमेरिकेत 'शेल तेल' म्हणून जे काढले जाते, त्यातील बरेचसे हे घर न सोडलेले तेल होय, आणि म्हणूनच ते काढण्यासाठी खडक कृत्रिमरीत्या फोडावा लागतो.

शेलमधून बाहेर पडलेले तेल शेजारच्या सच्छिद्र थरात, म्हणजे वालुकाश्मात किंवा चुनखडकात येते. ही छिद्रे रिकामी नसतात. जमिनीखाली काही मीटर गेल्यावर जवळजवळ प्रत्येक छिद्र पाण्याने भरलेले असते, आणि खोल थरांत ते पाणी बहुधा खारे असते. काचेच्या पेल्यात खाली पाणी आणि वर तेल घालून दिवा लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तेथे तेल पाण्यावर का राहते हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. खडकातही तेच घडते. पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तेलाला वर ढकलणारे प्लावक बल मिळते आणि हे बलच त्याच्या पुढील सर्व प्रवासाचे इंजिन असते. वायू त्याहून हलका असल्याने त्याला मिळणारा रेटा आणखी मोठा असतो.

परंतु पेल्यातील पाणी आणि खडकातील पाणी यांत एक फरक आहे, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. खडकाच्या कणांना पाणी चिकटून बसते. दोन छिद्रांना जोडणारा मार्ग अतिशय अरुंद असतो, आणि तेथे आधीपासून असलेल्या पाण्याला बाजूला सारून तेलाच्या थेंबाला स्वतःला चेपून, लांबट करून आत शिरावे लागते. पाण्यात भिजवून पिळलेल्या घट्ट विणीच्या फडक्यातून तेल गाळून पाहिले तर ते सहजी उतरत नाही, त्याचे कारण हेच. समईच्या वातीत जे केशाकर्षण तेलाला वर चढवते, तेच ओल्या खडकात तेलाची वाट अडवते.

हा अडथळा किती मोठा असतो, याचा ढोबळ हिशेब करता येतो. तेल आणि पाणी यांच्या सीमेवरील पृष्ठताण मीटरला ०.०३ न्यूटन आणि दोघांच्या घनतेतील फरक घनमीटरला २०० किलोग्रॅम धरू. अरुंद मार्गाची त्रिज्या १० मायक्रोमीटर असेल, तर त्यात शिरण्यासाठी मागे सलग ३ मीटर उंचीचा तेलाचा स्तंभ असावा लागतो. त्रिज्या १ मायक्रोमीटर असेल तर ३० मीटर. आणि ती मायक्रोमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे १० नॅनोमीटर असेल, तर सुमारे ३ किलोमीटर उंचीचा स्तंभ लागेल. पहिला आकडा चांगल्या वालुकाश्माचा आहे, शेवटचा घट्ट शेलचा. म्हणजे वालुकाश्मात तेल थोडे साठले की पुढे सरकू शकते, पण शेल समोर आला की त्याला ओलांडण्याइतका रेटा निर्माण होणे जवळजवळ अशक्य होते. शेल तेलाला झाकण घालतो म्हणजे त्यात छिद्रेच नसतात असे नाही. छिद्रे असतात, पाणी त्यांतून अतिमंद गतीने ये-जा करू शकते, पण तेलासाठी दार फार लहान असते.

हा हिशेब एकदा लक्षात आला की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. थरात पसरलेले एकटेदुकटे थेंब हलत नाहीत. ते एकमेकांना जोडले जाऊन सलग धार झाली तरच त्यांना पुढे जाण्याचे बळ मिळते. त्यामुळे तेल संपूर्ण थर व्यापून सरकत नाही. सच्छिद्र थराच्या अगदी वरच्या कडेला, झाकणाच्या पोटाला लागून, ओहोळांसारख्या अरुंद वाटांनी ते चढत जाते. डोंगरावरील पाणी जसे घळी शोधत खाली येते, तसे तेल उताराच्या उलट दिशेने चढण शोधत वर जाते. थर किंचित तिरके असले तरी पुरते. वाटेत प्रस्तरभंग, म्हणजे दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकलेली मोठी भेग, लागला, तर तो कधी वरच्या थरांकडे नेणारा जिना ठरतो आणि कधी, भेगेत दळलेली चिकणमाती भरलेली असल्यास, बंद दरवाजा. एकच प्रस्तरभंग वेगवेगळ्या काळांत या दोन्ही भूमिका बजावू शकतो, हे या शास्त्रातील मोठे डोकेदुखीचे ठिकाण आहे.

हा प्रवास थांबतो तो कमानीत. वर घट्ट झाकण, खाली सच्छिद्र खडक, आणि दोघांनाही उपड्या वाटीसारखा आकार, अशी रचना आली की तेलाला पुढे चढण उरत नाही. पाण्यात उपडी धरलेली वाटी जशी हवेचे बुडबुडे धरून ठेवते, तसे ते त्या घुमटाखाली जमू लागते. सर्वांत वर वायू, त्याखाली तेल, त्याखाली पाणी, असा क्रम लागतो. धरणाला सांडवा असतो तसाच या सापळ्यालाही असतो, फक्त उलटा. वाटीची कड जेथे सर्वांत वर आलेली असेल, त्या पातळीपर्यंत तेल भरले की पुढचे तेल कडेखालून निसटून पुढच्या चढणीला लागते.

मुंबई हायमध्ये अशी रचना प्रत्यक्ष दिसते. खाली प्राचीन पाषाणांचा आणि डेक्कन ट्रॅपचा उंचवटा आहे. सभोवतालच्या द्रोणी खचत असताना तो तुलनेने उंच राहिला आणि त्याच्यावर उथळ, स्वच्छ समुद्रात चुनखडकाचे थर साचले. त्यांतील मुख्य तेलधारक थराला 'एल-३' असे नाव असून तो सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्रतळाखाली साधारण सव्वा ते दीड किलोमीटर खोलीवर आहे. समुद्राची पातळी अधूनमधून उतरत असे, तेव्हा हा चुनखडक उघडा पडे आणि पावसाच्या पाण्याने विरघळून त्यात जास्तीची छिद्रे तयार होत. पुढे समुद्र पुन्हा चढला, आणि यथावकाश वर चिखलाचे थर बसून त्यांचा शेल झाला. अशा रीतीने साठा आणि झाकण दोन्ही तयार झाले. संपूर्ण रचना वायव्य-आग्नेय दिशेने लांबट अशा घुमटासारखी वाकलेली आहे आणि तिच्या पूर्व बाजूला मोठा प्रस्तरभंग आहे. ईशान्येला, नर्मदा आणि तापी यांच्या मुखांसमोर, सुरत द्रोणी नावाचा खोल भाग आहे. अशा खोल भागांतील पन्ना थरांत शिजलेले तेल चढण पकडत या उंचवट्याकडे आले, असे त्याचे वर्णन केले जाते. काही तेल चुनखडकाच्या खाली, तळाच्या पाषाणाच्या भेगांतही जाऊन बसले आहे. अग्निजन्य, मूळ छिद्रहीन पाषाणात तेल सापडल्याचे ऐकून वाचकाला आश्चर्य वाटेल. पण तेलाला फक्त वाट आणि जागा लागते, आणि भेगाळलेला पाषाण दोन्ही देऊ शकतो.

येथे काळाचा क्रम फार महत्त्वाचा ठरतो. घुमट आधी तयार व्हायला हवा आणि तेल नंतर यायला हवे. तेल येऊन गेल्यानंतर थरांना कितीही सुरेख कमान आली, तरी ती पाण्यानेच भरलेली राहते. जगभर उत्तम दिसणाऱ्या रचनांत खोदूनही केवळ खारे पाणी हाती लागण्याची जी अनेक कारणे आहेत, त्यांपैकी हे एक प्रमुख कारण आहे.

एकामागून एक चढत जाणारे अनेक सापळे असतील तर काय घडते, याचे स्पष्टीकरण कॅनडातील भूवैज्ञानिक विल्यम गसो यांनी १९५० च्या दशकात दिले, आणि ते पहिल्यांदा वाचताना मन थक्क होते. सर्वांत खालची वाटी आधी तेलाने भरते व सांडू लागते; मग वरची, मग तिच्याही वरची. पुढे मूळ खडक अधिक तापतो आणि वायू येऊ लागतो. वायू हलका, म्हणून तो खालच्या वाटीत शिरताच घुमटाचा माथा बळकावतो आणि तेलाला खाली रेटून कडेखालून बाहेर काढतो. हळूहळू ती वाटी पूर्णपणे वायूची होते आणि विस्थापित तेल वरच्या वाटीत जाते. परिणाम असा की, खोलवरच्या सापळ्यात वायू आणि उथळ सापळ्यात तेल, म्हणजे घनतेच्या साध्या नियमावरून जे अपेक्षित धरावे त्याच्या नेमके उलट चित्र दिसते. प्रत्येक प्रदेशात हे असेच घडते असे मात्र नाही; झाकण गळके असेल तर वायूच वरून निसटतो आणि तेल मागे राहते.

सगळे सापळे कमानीचे असतात असेही नाही. तेलाचा आणि थरांच्या घडीचा संबंध १८६१ मध्येच कॅनडातील टी. स्टेरी हंट यांनी मांडला होता आणि पुढे कित्येक दशके कमान शोधणे म्हणजेच तेल शोधणे, असे समीकरण झाले. त्याला मोठा धक्का दिला तो १९३० मध्ये सापडलेल्या अमेरिकेतील पूर्व टेक्सासच्या प्रचंड तेलक्षेत्राने. तेथे घुमट नव्हता. तिरक्या वालुकाश्माचा थर चढत्या दिशेला पातळ होत जाऊन संपतो आणि त्यावर घट्ट थराचे झाकण बसते, एवढ्यानेच तेल अडले होते. मिठाच्या थराचे खांब वर घुसून बाजूचे खडक वाकवतात तेथेही सापळे तयार होतात, आणि प्रस्तरभंगामुळे सच्छिद्र थरासमोर अचानक शेल येऊन ठेपला तर तेथेही. राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात २००४ मध्ये सापडलेले 'मंगला' क्षेत्र हे प्रस्तरभंगांमुळे तिरप्या झालेल्या खंडाचे उदाहरण आहे.

आणि अडण्याचे काहीच साधन मिळाले नाही तर तेल व वायू पृष्ठभागावर पोहोचतात. हिमाचल प्रदेशात कांगडा जिल्ह्यातील ज्वालामुखी मंदिरात खडकाच्या फटींतून येणाऱ्या ज्या ज्योती शतकानुशतके पूजल्या जातात, त्या अशाच वर आलेल्या नैसर्गिक वायूच्या आहेत. आसामात दिग्बोईच्या परिसरात जमिनीवर पाझरणाऱ्या तेलामुळेच एकोणिसाव्या शतकात तेथे खोदकाम सुरू झाले. सर्वांत मोठे उदाहरण मात्र कॅनडातील अल्बर्टा प्रांतातील अथाबास्काचे म्हणावे लागेल. पश्चिमेकडील खोल द्रोणीतून निघालेले तेल शेकडो किलोमीटर पूर्वेकडे चढत आले आणि पृष्ठभागाजवळच्या वाळूत पोहोचले. सुमारे ८० अंशांपेक्षा कमी तापमानात खडकातील जीवाणू तेलावर जगू शकतात. त्यांनी तेलातील हलका भाग खाऊन टाकला आणि मागे डांबरासारखा घट्ट पदार्थ उरला. तेथे तेल अडले ते बऱ्याच अंशी स्वतःच घट्ट झाल्यामुळे.

तेल शोधणारे लोक म्हणूनच एकाच गोष्टीचा शोध घेत नाहीत. मूळ खडक होता का, तो पुरेसा तापला का, वाट कोठून होती, साठा खडक सच्छिद्र आहे का, झाकण धड आहे का आणि हे सगळे योग्य क्रमाने घडले का, हे सर्व एकमेकांशी जुळावे लागते. यांतील एकही गोष्ट शून्य असेल तर बाकीच्या कितीही उत्तम असून उपयोग नसतो, कारण येथे बेरीज चालत नाही, गुणाकार चालतो. ध्वनिलहरी जमिनीत सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून थरांचे जे चित्र काढले जाते, ते कमान दाखवते; त्या कमानीत तेल येऊन थांबले का, हे बहुधा विहीर खोदल्यावरच निश्चित कळते. १९६० च्या दशकात सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाच्या मदतीने मुंबईसमोरील समुद्रात ही रचना ओळखली गेली, तेव्हाही हाती होते ते केवळ आकाराचे चित्र, आणि प्रत्यक्ष तेल दिसायला १९७४ उजाडावे लागले.

वाटेत ज्या केशाकर्षणाने तेलाला अडवले, ते तेल काढतानाही पाठ सोडत नाही. दाब टिकवून ठेवण्यासाठी मुंबई हायच्या थरांत प्रक्रिया केलेले समुद्राचे पाणी सोडले जाते आणि ते तेलाला उत्पादन विहिरींकडे रेटते. परंतु पाणी छिद्रांच्या भिंतींलगत पुढे सरकते आणि मधली तेलाची धार ठिकठिकाणी तुटते. तुटलेला थेंब एकटा पडतो, त्याच्यामागे सलग स्तंभाचा रेटा उरत नाही, आणि समोरचे दार त्याच्यासाठी पुन्हा अरुंद ठरते. एल-३ मधील चुनखडकाचे पट्टे शेलच्या पातळ पापुद्र्यांनी एकमेकांपासून विलग झालेले असल्याने काही पट्ट्यांत पाणी झपाट्याने पुढे पळते, तर शेजारचे पट्टे मागे राहतात. जगातील तेलक्षेत्रांतून सरासरीने मूळ तेलाचा सुमारे एकतृतीयांश भागच बाहेर येतो. उरलेले तेल, कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून आल्यावर, छिद्राछिद्रांत सुटे होऊन तेथेच अडकून राहते.